‘आत्म्यास सद्गती लाभो’ टाईप करण्याआधी

नाशिकमध्ये शरणपूर रोडला किंवा नाशिकरोडला कुणी ख्रिस्ती शेजारी वारले की सोसायटीच्या ग्रुपवर ‘मृतात्म्यास सद्गती लाभो’चा पाऊस पडतो. भावना चांगलीच असते, घरचे कुणी मनाला लावून घेत नाहीत. पण त्या घरातल्या श्रद्धेशी हे वाक्य जुळत नाही.

सद्गती म्हटलं की आत्मा वाटेला लागलाय आणि आपल्या शुभेच्छेने त्याची पुढची वाट सुकर होईल, असं आपण धरून चालतो. प्रोटेस्टंट शिकवणीत निकाल मरणाच्या क्षणीच लागलेला असतो. इंग्रज मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या शरणपूरची परंपरा हीच. अंत्यविधीतली प्रार्थना तिथे सहसा मृतासाठी नसते, मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असते. ‘प्रभू कुटुंबाचं सांत्वन करो’ लिहिलंत तर कुठल्याही ख्रिस्ती घरात चालेल.

कॅथलिकांचं वेगळं. देवाच्या कृपेत मेलेला, पण पुरता शुद्ध न झालेला माणूस पर्गेटरीतून, म्हणजे शुद्धीकरणाच्या अवस्थेतून जातो, असं ते मानतात. फ्लोरेन्सच्या (1439) आणि ट्रेंटच्या (1563) धर्मसभांनी हे ठामपणे मांडलं. म्हणून मृतासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना होते आणि 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात. पर्गेटरी म्हणजे दुसरी संधी, हा मात्र सर्रास होणारा गैरसमज. तिथल्या प्रत्येकाचा स्वर्ग पक्का झालेला असतो. नरक टळलेला असतो, फक्त धुणं बाकी असतं.

खरी गफलत ‘आत्मा’ या शब्दात आहे. मराठी कानाला तो ऐकताच शस्त्राने न तुटणारा, देह बदलणारा गीतेतला आत्मा आठवतो. बायबलच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस ‘जीवधारी प्राणी’ होतो. मूळ हिब्रू शब्द नेफेश. त्याचा अर्थ गळा, श्वास, जीव. हा नेफेश भुकेजतो, तहानतो, चक्क मरतोसुद्धा. आपण ‘जीव कासावीस झाला’, ‘जीव गेला’ म्हणतो ना, तो जीव याच्या जास्त जवळचा. माणसाला जीव ‘असतो’ असं नाही, माणूसच जीव असतो.

त्यामुळे ख्रिस्ती आशा देहातून सुटण्याची नाही. ती देहासकट उठण्याची आहे: पुनरुत्थान. पुनर्जन्मात देह नवा आणि आत्मा तोच. इथे माणूस तोच, देहही त्याचाच, पण पालटलेला. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात बियाण्याचा दाखला दिला तो यासाठीच. पेरलेला दाणा आणि उगवलेलं रोप सारखं दिसत नाही, पण परकंही नसतं. द्राक्ष-कांद्याच्या जिल्ह्यात हे फोड करून सांगायला नको.

मग मरण का? ‘पापाचे वेतन मरण आहे’ (बायबल, रोमकरांस 6:23). ‘वेतन’साठीचा ग्रीक शब्द सैनिकाच्या पगाराचा आहे. वाक्याचा पुढचा अर्धा भाग मात्र लोक गाळतात: सार्वकालिक जीवन हे वेतन नाही, ‘कृपादान’ आहे. म्हणून पाप-पुण्याची वजाबाकी इथे लागू होत नाही. चार सत्कृत्यं करून एक पाप खोडता येत नाही. पाप जड की हलकं हे कॅथलिक तीन कसोट्यांवर ठरवतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर असल्याची पूर्ण जाणीव हवी आणि मनापासूनची संमती हवी. तिन्ही असतील तरच ते प्राणघातक, म्हणजे देवाशी नातं तोडणारं जड पाप; एक जरी कमी पडली तरी नाही. कबुलीजबाबात नुसती यादी वाचून भागत नाही. पश्चात्ताप नसेल तर धर्मगुरूंनी उच्चारलेली क्षमाही लागू पडत नाही.

दफनाच्या वेळी मूठभर माती टाकतात तेव्हाचं ‘मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ’ हे अनेकांना बायबलचं वचन वाटतं. शब्द इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातले आहेत. त्यामागे बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातलं ‘तू माती आहेस’ उभं आहे.

दहनाला कॅथलिक चर्चने 1963 पासून मुभा दिली आहे. पण 2016च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार राख पाण्यात, हवेत किंवा जमिनीवर विखरायची नाही, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवायची. तेव्हा दहन केलेल्या कॅथलिक मित्राच्या घरच्यांना ‘अस्थी रामकुंडावर कधी नेताय?’ असं विचारू नका.