रेघोट्यांचं चित्र कधी होतं?

"आमचा अडीच वर्षांचा आहे. रंग दिले की नुसत्या रेघोट्या ओढतो. नीट चित्र कधी काढेल? शिकवायला बसवू का?" लहान मुलांसोबत रंगांत काम करते म्हणून हा प्रश्न मला सतत येतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिकवायला बसवू नका. आणि कागदापेक्षा त्याच्या हाताकडे बघा.

दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात खांद्यातून फिरवतं. म्हणून रेघा लांब, कमानदार, कागदाबाहेर जाणाऱ्या. पुढे कोपर मोकळं होतं, मग मनगट, सर्वांत शेवटी बोटं. तीन बोटांच्या चिमटीत खडू धरणं बहुतेकांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमतं. त्याआधी "असा धर, असा धर" करत राहिलं तर मूल खडूच खाली ठेवतं. जाड ब्रश आणि मोठा कागद पुरे.

माझा आवडता क्षण म्हणजे गोल मिटतो तो. गरगर फिरणारी रेघ एक दिवस निघाल्या जागी परत येते आणि थांबते. साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास. कुठून निघालो ते डोळ्यांनी धरून ठेवायचं आणि तिथे पोचल्यावर चालता हात आवरायचा, ही दोन्ही कामं त्या एका गोलात असतात. पुढे त्याच गोलात दोन ठिपके येतात, खाली दोन काठ्या येतात, की झाला माणूस! पोट नाही, डोक्यालाच पाय. अमेरिकेतल्या बालशिक्षणतज्ज्ञ ऱ्होडा केलॉग यांनी मुलांची लाखो चित्रं जमवून रेघोट्यांचे 20 मूळ प्रकार नोंदवले. पुढचे आकार त्यांतूनच जुळत जातात, असं त्यांचं म्हणणं. रेघोट्यांना 'नुसत्या' म्हणवत नाही ते यामुळेच.

माझी एक चूक सांगते. चार वर्षांच्या एका मुलीने सुंदर फूल रंगवलं आणि मग त्यावरून निळा फासायला लागली. फूल वाचावं म्हणून मी कागद काढून घेतला. ती काही बोलली नाही. ब्रश तसाच टेबलावर फिरवत राहिली. तिचं काम संपलेलंच नव्हतं. तेव्हापासून मूल स्वतः ब्रश ठेवेपर्यंत मी कागदाला हात लावत नाही.

बक्षिसाचंही तसंच. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्र काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी त्याच रंगांशी ही मुलं आपणहून खेळली, पण बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या निम्म्याच वेळ. मला हे फार लागतं. आवड आधीपासून होती, ती आपण कमी केली.

"हे काय काढलंस?" असंही लगेच विचारू नका. या वयात हात आधी चालतो, नाव मागून सुचतं, आणि दुपारपर्यंत बदलतंही. "इथे किती जोरात दाबलास!" एवढं म्हणा, म्हणजे तो आपण होऊन सांगेल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक रेघ आहे, जवळजवळ मिटत आलेली. तो कागद टाकू नका. मागे तारीख घाला.