नवी सहकारी आणि अडकलेला अॅक्सेस: माझा अनुभव

इंदूरच्या विजयनगर भागातील आमच्या कार्यालयात गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस एक नवी सहकारी रुजू झाली. ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरातली असून तिला प्रकल्पात रुळवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. ओळखीपाळखी, लॅपटॉप, बसण्याची जागा हे सारे विनासायास पार पडले. खोळंबा झाला तो ग्राहक कंपनीच्या अॅक्सेसपाशी, म्हणजे तिच्या संगणक प्रणालीत शिरण्याच्या परवानगीपाशी, आणि त्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आमचा सगळा कोड त्या कंपनीच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवण्याच्या सामायिक जागेत असतो आणि तिथे व्हीपीएनवाचून, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात नेणाऱ्या सुरक्षित जोडणीवाचून पोहोचता येत नाही. व्हीपीएन देणारा विभाग रिपॉझिटरीची मंजुरी आधी मागत होता, तर रिपॉझिटरी सांभाळणारा विभाग व्हीपीएनचा आयडी मिळाल्याशिवाय मंजुरी द्यायला तयार नव्हता. त्यातून दोन्ही विभाग न्यूयॉर्कला. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इंदुरात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे गेली की साडेसात. त्यामुळे त्यांची विचारणा यायची ती आमची सहकारी घरी गेल्यावर. त्यांचा दिवस संपेपर्यंत उत्तर गेले नाही की ‘अर्जदाराकडून प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून टिकिट, म्हणजे त्यांच्याकडे नोंदवलेला अर्ज, आपोआप बंद होत असे, आणि सकाळी तिला नवे टिकिट काढून पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागत असे.

“सर, मी आजही नुसती वाचतच बसू का?” असे तिने एकदा विचारले, तेव्हा मला फार वाईट वाटले. हुशार, उमेदीने आलेल्या माणसाला सुरुवातीलाच रिकामे बसवून ठेवणे हा माझ्या मते त्याचा अपमान आहे. त्यानंतर मी तिला माझ्या शेजारी बसवले आणि माझ्याच संगणकावर आम्ही दोघांनी मिळून चालू कामातल्या चुका दुरुस्त केल्या. मी कोड लिहीत होतो आणि ती शंका काढत होती. तिच्या शंका इतक्या नेमक्या होत्या की एका चाचणीतील जुनी उणीव त्यातूनच सापडली, याचा मला अभिमान वाटतो.

शेवटी मी टिकिटे काढणे थांबवले, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबलो आणि ग्राहकाच्या व्यवस्थापकासह दोन्ही विभागांना एकाच कॉलवर बोलावले. एकाने आयडी तयार करून तिथल्या तिथे दुसऱ्याला सांगितला आणि मंजुरी त्याच बैठकीत मिळाली. असा पेच पडल्यास कुणीही पत्रव्यवहारात वेळ घालवू नये, दोघांनाही समोरासमोर आणावे.

ग्राहक कंपनीच्या माहितीपत्रकात रिपॉझिटरीसाठी पासवर्ड टाका असे लिहिलेले होते. वास्तविक गिटहबने (अशा रिपॉझिटरी ठेवणाऱ्या संकेतस्थळाने) १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले आहे, त्यामुळे टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा सांकेतिक मजकूर) किंवा एसएसएच की (ओळख पटवणारी सार्वजनिक आणि खासगी फाइलींची जोडी) आधीच तयार ठेवावी. की पाठवायची झाल्यास केवळ .पब (.pub) या शेवटाची सार्वजनिक फाइल द्यावी, खासगी की कुणालाही देऊ नये. तिच्याकडून मी हे माहितीपत्रक नव्याने लिहून घेतले, कारण कुठे अडते हे नव्या माणसालाच सर्वांत ताजे आठवत असते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. अॅक्सेसच्या अर्जासाठी कंपनीचा ईमेल लागतो आणि तो सहसा रुजू झाल्यावरच मिळतो. पुढच्या सहकाऱ्याचा ईमेल, रुजू होण्याची तारीख ठरताच, मी मनुष्यबळ विभागाकडून तयार करून घेतला आहे आणि दोन्ही अर्ज एकाच दिवशी पाठवले आहेत.