नागद्वार, चिखल आणि वीस रुपयांचा रेनकोट

नागपंचमी जवळ आली की आमच्या गल्लीत एकच विषय, यंदा मध्य प्रदेशात पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला कोण कोण जाऊन राहिलं. मावशीची ही बाविसावी फेरी, मी मात्र चार वर्षांनी गेलो. नागपूरच्या गणेशपेठवरून रात्रीची एसटी, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, अन सकाळी पचमढीत उतरलो तर पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या आतून जाते, एरवी वर्षभर बंद, फक्त नागपंचमीच्या आसपास दहाएक दिवस उघडते. धूपगड तिकडेच, १३५० मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. अन उघडते कधी, तर ऐन पावसात, जेव्हा नेचे, शेवाळ, बेडूक, गोगलगायी सगळ्यांचा संसार जोरात सुरू असतो. त्यात विदर्भातून आपण सगळे एकदमच जाऊन धडकतो.

चार वर्षांआधी एका उतारावर दोन माणसं जेमतेम बाजूबाजूनं जातील एवढी वाट होती, यंदा तिथून बैलबंडी निघेल. कारण साधं आहे, मधे चिखल झाला की आपण काठानं जातो, मग काठाचाही चिखल होतो, मागचा माणूस आणखी बाहेरून जातो, अन दरवेळी काठावरचे नेचे पायाखाली. मुळं गेली की तिथली रेताड माती पहिल्या जोराच्या पावसातच खाली. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू, नवीन स्पोर्ट शूज होते. मावशी अनवाणी, सरळ चिखलाच्या मधातून, वरून मलाच म्हणे, "काहून बे, चिखलाले भ्यून राहिला का? चल भगत!" तेव्हा लक्षात आलं की वाट रुंद करणारे माझ्यासारखे बूटवाले आहेत, म्हाताऱ्या बाया नाही. यात्रेला नावं ठेवणाऱ्या लोकांनी हे एकदा पाहावं.

दुसरी गोष्ट म्हणजे वीस-तीस रुपयांचे ते पातळ प्लास्टिकचे रेनकोट. पहिल्याच चढावर काट्याला अडकून फाटतात अन तिथेच राहतात, एका करवंदाच्या जाळीवर निळे, गुलाबी, पिवळे असे सात मोजले मी, लांबून फुलं वाटत होती राव.

अन हा काही साधासुधा डोंगर नाही. पचमढीत साग अन साल दोन्ही भेटतात, दऱ्यांमध्ये झाडासारखे उंच नेचे आहेत, आपण ज्याला महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून मिरवतो तो शेकरूही इथे आहे. सह्याद्रीतल्या काही माशांचे नातेवाईक थेट हिमालयाकडे कसे काय, याचं उत्तर शोधताना सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये मांडलं होतं की कधीकाळी सातपुडा हाच त्यांच्यासाठी पूल असावा. सगळे शास्त्रज्ञ ते मानत नाहीत, पण मला त्या चढावर धापा टाकताना तेच आठवत होतं, की ज्या पुलावरून म्हणे मासे गेले त्यावर आपण द्रोण टाकून राहिलो.

द्रोण म्हणजे भंडाऱ्याचे. आपल्याकडचीच मंडळं तिथे फुकट जेवू घालतात, भर पावसात गरम वरण-भात मिळतो, त्याला तोड नाही. पण मावशी सांगते आधी पळसाच्या पत्रावळी इथूनच बांधून न्यायचे, त्या कुजून जायच्या. आता थर्माकोल अन चकचकीत अस्तर लावलेले द्रोण, वास आला की माकडं उचलून थेट दरीत.

परवा आमच्या मंडळाची मीटिंग झाली, त्यात मी पळसाच्या पत्रावळीचं काढलं. एक काका लगेच म्हणे, "वरण गळते न भाऊ त्याच्यातून." सगळे हसले. मावशी कोपऱ्यात वाती वळत बसली होती, मान वर न करता म्हणे, "मंग वरण घट्ट करा."