भोचकपणाचे उपकार

कंपनीच्या कामासाठी रेल्वेने किंवा एसटीने फिरणाऱ्या माणसाला वाटेत अनोळखी लोकांकडून जी मदत मिळते, तिची सुरुवात बहुधा एका आगाऊ प्रश्नाने होते. "कुठपर्यंत?" हा तो प्रश्न. त्याचे उत्तर दिले की "काय काम काढलंत?", "गाव कोणतं?", "मुलं किती?" अशी सरबत्ती सुरू होते आणि चारचौघांत आपले खासगीपण जपू पाहणारा माणूस खिडकीबाहेर बघू लागतो. परंतु प्रवासात ज्यांनी मला खरोखर हात दिला, ती झाडून सारी माणसे याच भोचक पंथातली होती. काहीही न विचारता मदत करणारा सत्पुरुष मला अजून भेटलेला नाही; त्या बिचाऱ्याला माझी अडचण कळणार तरी कशी?

भातगिरण्यांच्या यंत्रांना लागणारे सुटे भाग बनवणाऱ्या कोल्हापुरातल्या एका लहान कारखान्याची विक्री आणि वसुली मी पाहतो. आमची बरीच गिऱ्हाइके भंडारा आणि गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत असल्यामुळे महाराष्ट्र एक्सप्रेसशी माझे जुने नाते आहे. ही गाडी कोल्हापूरहून दुपारी निघते आणि सुमारे साडेतेराशे किलोमीटर धावून दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास गोंदियाला पोहोचते, पण तेवढ्या प्रवासात राज्याची हद्द काही ओलांडत नाही. टोकापासून टोकापर्यंत जाणारे प्रवासी तिच्यात थोडेच असतात. सांगली-साताऱ्याची माणसे पुण्याला उतरतात, रात्री नगरची चढतात, सकाळी डोळे उघडावेत तर समोर खानदेश बसलेला असतो आणि दुपारपर्यंत त्याच्या जागी वऱ्हाड आलेले असते. प्रत्येक नवी तुकडी चौकशीला पहिल्यापासून सुरुवात करते. गंमत अशी की तिसऱ्या-चौथ्या खेपेला उत्तर द्यायचे कष्टही मला पडत नाहीत, आधीच्या तुकडीतला कोणीतरी मागे उरलेला असतो आणि तोच माझ्या वतीने सांगून टाकतो, "हे कोल्हापूरचे. वसुलीला निघालेत गोंदियाला."

अशाच एका प्रवासात नागपूरला चढलेल्या एका वयस्क गृहस्थांनी माझी उलटतपासणी घेतली. कोणाकडे वसुली, किती दिवसांची, गिरणी नेमकी कुठली, हे सारे त्यांनी एखाद्या वकिलाच्या चिकाटीने काढून घेतले. माझे तिकीट गोंदियाचे होते, कारण आमच्या कार्यालयाने लॉज तिथला ठरवला होता. गिरणी मात्र तुमसरच्या बाजूला होती. हे कळताच त्यांनी कपाळावर हात मारला. "मंग गोंदियाले कायले जाता जी? तुमसर रोडले उतरा ना! सेठजी अकराच्या आधीच भेटतीन, मंग काही भेटत नाही." एवढ्यावर ते थांबले नाहीत. स्टेशनच्या नावात 'रोड' असले म्हणजे गाव रुळांपासून दूर असते, हे कोकणात सावंतवाडी रोडला उतरणाऱ्यांना ठाऊक असते. तसेच तुमसर रोड हे स्टेशनही देव्हाडीला आहे आणि खुद्द तुमसर तिथून काही किलोमीटरवर, हे त्यांनी मला समजावले. ऑटोवाला किती सांगेल आणि किती द्यायचे, मुक्काम कुठे करायचा आणि कुठे मुळीच करायचा नाही, हेही सांगितले. वास्तविक त्यांना स्वतःला भंडारा रोडलाच उतरायचे होते, आणि तेही स्टेशन शहरात नसून वरठीला आहे. तरीही उतरण्यापूर्वी त्यांनी पलीकडच्या बाकावरच्या एका कुटुंबाला बजावले, "यांना तुमसर रोडले उतरवा, इकडचे नाहीत ते." त्या कुटुंबाने मला खरोखरच उतरवले, म्हणजे माझ्या आधी माझी बॅग फलाटावर पोहोचली होती.

सेठजी दुसऱ्या दिवशी दहा वाजता गादीवर होते. त्यांनी दिलेला धनादेश पुढच्या महिन्याच्या तारखेचा होता, पण त्याचा दोष वरठीला उतरलेल्या गृहस्थांकडे जात नाही.

काही वेळा ही माणुसकी रेल्वेच आपल्यावर लादते. आरएसीच्या तिकिटावर दोन अनोळखी माणसांना बाजूचा खालचा एकच बर्थ वाटून दिला जातो आणि रात्र कशी काढायची हे त्यांचे त्यांनी ठरवायचे असते. अशा वेळी मुका राहणारा माणूस रात्रभर अवघडून बसतो. "तुम्ही मनमाडपर्यंत पडा, मग मी पडतो," हा करार करण्यासाठी आधी समोरच्याचे गाव, वय आणि पाठीचे दुखणे माहीत असावे लागते.

खाण्याचे प्रकरण जरा नाजूक आहे. अनोळखी माणसाने दिलेले काही खाऊ नका, असे रेल्वेच सांगत असते आणि गुंगीचे औषध घालून लुटल्याच्या बातम्या वाचल्यावर ती सूचना फाजील म्हणवत नाही. देणाऱ्यांनाही हे ठाऊक असते, म्हणूनच देण्याची एक रीत पडून गेलेली आहे. शेगावला कचोरीवाला डब्यात शिरला की शेजारचा प्रवासी तुमच्या देखत, त्याच्याच टोपलीतून तुमच्यासाठीही कचोरी घेतो. घरचा डबा असेल तर आधी आपण घास घेतो, मुलांना देतो आणि मग डबा पुढे करतो. "घ्या हो, काही होत नाही," हे वाक्य आग्रहाचे असते, तसेच जामीनपत्राचेही असते.

मात्र या चौकशीला एक काळी कडा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गावानंतर आडनाव विचारले जाते, आडनावाने समाधान झाले नाही तर "म्हणजे तुम्ही कोण?" असे विचारले जाते, आणि उत्तर ऐकून पुढे केलेला डबा हळूच मागे घेतला गेल्याचे मी पाहिले आहे. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला तर हेच प्रश्न वेगळे ऐकू येतात. आमच्या कार्यालयातल्या एक सहकारी कामानिमित्त पुष्कळ फिरतात. उतरण्याचे स्टेशन विचारणाऱ्याला त्या नेहमी पुढचे स्टेशन सांगतात आणि गाणे लावलेले नसतानाही कानात इअरफोन ठेवतात. त्यांना भोचकपणाचे गुणगान ऐकवण्याचा अधिकार मला नाही. हां, बायकांच्या घोळक्यात जागा मिळाली की त्यांनाही सगळे प्रश्न चालतात, असे त्याच सांगतात.

एसटीत एवढा निवांतपणा नसतो. तिथे मदत धावती असते. स्टँडवर गाडी लागते न लागते तोच लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू लागतात आणि एखादा उंच माणूस "तुमचा पण द्या" म्हणून तुमचा रुमालही आत भिरकावतो; पण त्याआधी "तुमसर का?" एवढे विचारायला तोही विसरत नाही.

आता गाडी कुठे आहे आणि किती उशिरा धावते आहे, हे मोबाइल सांगतो. सेठजी कधी भेटतात, हे तो सांगत नाही. त्यामुळे अलीकडे मीच समोरच्याला "कुठपर्यंत?" विचारतो. एकदा मलकापूरच्या पुढे एका तरुणाने एका कानातले इअरफोनचे बोंडूक काढून "अकोला, तिथून एसटीने वाशिम," एवढेच सांगितले आणि ते पुन्हा कानाकडे नेले. वाशिमविषयी मला काडीची माहिती नव्हती. पण प्रश्न मोठ्याने विचारला गेला होता आणि वरच्या बर्थवरच्या आजींनी तो ऐकला होता. "अकोल्यावरून वाशिमले रेल्वे जाते ना बाबू, स्टँडवर कायले जातो?" त्या वरूनच म्हणाल्या. तरुणाने दुसऱ्या कानातलेही काढले आणि पुढचा प्रश्न त्यानेच विचारला, "आजी, तुम्ही वाशिमच्या का?"