दुकानात हात नको लावजो

संध्याकाळी साडेसातला कॉल असतो आमचा, तिकडे शिकागोत तेव्हा सकाळचे नऊ, आणि बाकीची मंडळी जॉइन होईपर्यंत पाच-दहा मिनिटं आम्ही दोघीच असतो. मी नागपूरला मिहानमधल्या ऑफिसात, ती, माझी तिकडची सहकारी, तिच्या स्वयंपाकघरात. आधी नुसत्या हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. मग एक दिवस तिच्या मागच्या फळीवर निळा गोल डबा दिसला, डॅनिश बटर कुकीवाला, आणि मी म्हटलं त्यात बिस्किटं नाहीत, सुई-दोरा आहे, पैज लाव. ती इतकी हसली की कॉफी सांडली. तिचं म्हणणं, हे फक्त काळ्या लोकांच्या घरातलं गुपित. मी म्हटलं बाई, आमच्या अख्ख्या इंदोरा वस्तीत विचारून ये, एका तरी डब्यात बिस्किट निघालं तर सांग.

तिथून जे सुरू झालं ते अजून संपलं नाही. ती शिकागोच्या साउथ साइडला, काळ्यांच्या वस्तीत वाढलेली, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. शनिवारची रात्र तिला अजून वासानं आठवते, कारण दुसऱ्या दिवशी चर्च, म्हणून लोखंडी कंगवा गॅसवर तापायचा, ही आईच्या गुडघ्यांच्या मधे खाली बसलेली, स्वतःचा कान स्वतःच दुमडून धरलेला, आणि केसांना लावलेलं ग्रीस चर्र वाजलं की ही ओरडायची आणि आई म्हणायची, ग्रीस वाजलं ते, तू नाही भाजलीस. मानेवरच्या बारीक कुरळ्या केसांना त्यांच्यात 'किचन' म्हणतात, तिथे कंगवा आला की जीव मुठीत.

माझा रविवार. खोबरेल तेल, आईच्या गुडघ्यांत डोकं, दोन वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर जायच्या, आणि हललं की कंगव्याचा फटका. वर आई म्हणे, "कोणी म्हणाले नाही पाहिजे का त्या बस्तीतल्या पोरी अशाच राहतात." हे मी तिला सांगितलं तर ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, बस्ती सोडून बाकी वाक्य माझ्या आईचं आहे.

पण म्हणून ते 'जात आणि वंश सेम टू सेम' वाले फॉरवर्ड असतात ना ते मला पटत नाहीत. तिला लोक रस्त्याच्या पलीकडून ओळखतात. केसांवरून शाळेत नि नोकरीत इतका त्रास की कॅलिफोर्नियाला 2019 मध्ये त्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, क्राउन अ‍ॅक्ट. मला पाहून कोणाला काही कळत नाही, मला विचारावं लागतं. पुण्यात रूम पाहायला गेलो होतो तेव्हा मालकीणबाई चहा देऊन गोड आवाजात म्हणाल्या, पूर्ण नाव काय म्हणालीस गं? चहा संपायच्या आत रूम दुसऱ्याला दिलेली निघाली.

त्यांच्या आजीच्या भिंतीवर येशू, मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडी, तिघं एका ओळीत. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. तिला गांधी माहीत होते, बाबासाहेब नव्हते, आणि याचा मला राग नाही पण थोडं लागलं. मग मी तिला सांगितलं की बाबासाहेब 1913 मध्ये तुमच्याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले होते, 1946 मध्ये त्यांनी ड्यू बॉइसना, तुमच्या काळ्या विचारवंताला, पत्र लिहिलं होतं, आणि 1972 मध्ये मुंबईच्या पोरांनी दलित पँथर काढली ती तुमच्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. ती तेव्हाच गुगल करत बसली आणि बाकीचे जॉइन झाले तरी तिचं लक्ष नव्हतं.

खरं बोलायचं होतं ते दुकानाबद्दल. दुकानात शिरायच्या आधी तिची आई दारातच थांबवून सांगायची: कशाला हात लावायचा नाही, काही मागायचं नाही, हात खिशात घालायचे नाहीत, आणि एक च्युइंगम घेतलं तरी पिशवी आणि बिल घेतल्याशिवाय बाहेर यायचं नाही. आता हीच आपल्या सोळा वर्षांच्या पोराला शिकवते, पोलिसानं गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे.

माझी आई सीताबर्डीला तेच. "हात नको लावजो." पण उमरेडकडच्या आजीच्या गावात नियम वेगळा होता, तिथे "पैसे ओट्यावर ठेवजो, त्याच्या हातात नको देजो." दुकानदार गोळ्या वरून सोडायचा, तळहाताला त्याचं बोट लागत नसे. मला तो खेळ वाटायचा, एकही गोळी खाली पडू द्यायची नाही. मी लय तरबेज झाले होते त्यात.

तिच्याकडेही गाव होतं, मिसिसिपीत. तिकडून साधारण 1910 ते 1970 या काळात साठेक लाख काळी माणसं उत्तरेकडे शहरांत आली, तिचे आजी-आजोबा त्यातलेच, आणि उन्हाळा लागला की पोरांना 'खाली' पाठवायचे. सोबत बुटाच्या खोक्यात तळलेलं चिकन, उकडलेली अंडी, केक. वाटेतली हॉटेलं यांना बसू देत नसत म्हणून ते खोकं. 1964 मध्ये हा भेद बंद करणारा कायदा आला तरी खोकं सुटलं नाही, हिच्या लहानपणापर्यंत होतं आणि हिला वाटायचं पिकनिक आहे.

1955 च्या ऑगस्टमध्ये असाच शिकागोचा एक पोरगा सुट्टीत मिसिसिपीला गेला, एमेट टिल, चौदा वर्षांचा. किराणा दुकानातल्या गोऱ्या बाईची छेड काढली असा आळ घेऊन त्याला मारून नदीत टाकलं. त्याच्या आईनं शवपेटी उघडी ठेवायला लावली, 'जेट' मासिकानं फोटो छापले, मारणारे कोर्टात सुटले. हिची आई तेव्हा लहान होती. पुढची दोन वर्षं तिला गावी पाठवलं नाही. का, ते घरात कोणी बोललं नाही.

मी ऐकत होते आणि मला 2006 आठवून राहिलं होतं. सप्टेंबरात खैरलांजी झालं, गावात दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं, मी नववीत. आई टीव्ही बंद करे, बाबा पेपर घडी घालून गादीखाली ठेवत. त्या दिवाळीत आम्ही आजीकडे गेलोच नाही. आईनं सांगितलं, बसला गर्दी राहते.

हे मी तिला पूर्ण सांगू शकले नाही, मॅनेजर जॉइन झाला.

रविवारी आईकडे गेले तर तिचा निळा डबा काढला, फोटो पाठवायचा होता. सुई, बॉबिन, शर्टाची बटणं, आणि तळाशी चौघडी घातलेला पिवळा कागद. माझ्या लेडीबर्डचं बिल, जून 2003. मी म्हटलं आई, हे काऊन ठेवून राहिली?

"मंग?" आई भाजी निवडत म्हणाली. "तुझ्या बाबाले कमाल चौकात अडवलं होतं ना, सायकल कुठून आणली म्हणून. नवी कोरी होती. बिल खिशात होतं म्हणून सुटले."

मला हे माहीतच नव्हतं. मला एवढंच आठवत होतं की त्या दिवशी बाबा उशिरा आले आणि सायकलला हार घातला.

सायकल 2011 मध्येच भंगारात गेली. बिल मी घडी घालून परत बटणांखाली ठेवलं.