ग्लासातली मिरी

वाइनवर बोलणं सुरू झालं की मी गप्प बसते. कुणाला तिच्यात जुनं चामडं सापडतं, कुणाला ओली माती, कुणाला तंबाखूचा डबा. मला बहुतेक वेळा द्राक्षं सापडतात आणि ते सांगायची लाज वाटते.

सिरा नावाच्या काळ्या द्राक्षाच्या लाल वाइनने ही लाज घालवली; वाइनचं नावही सिराच. (नाव ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "आत्ता रात्रीचा शिरा कुठे करत बसतेस?") बाटली फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली, क्रोझ-एर्मिताजची होती. ग्लास नाकाशी नेला आणि कुणी विचारायच्या आत मी ओरडले, "मिरी!" खलबत्त्यात नुकती कुटलेली काळी मिरी, अगदी तीच. नवऱ्याने ग्लासात नाक खुपसलं, पुन्हा खुपसलं आणि म्हणाला, "तुला भूक लागलीये."

भूक लागली होती, पण वास खरा होता. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये हा वास कुठून येतो ते शोधून काढलं. रोटंडोन नावाचं एक द्रव्य द्राक्षाच्या सालीत असतं, आणि काळ्या मिरीला मिरीचा वास येतो तोही त्याच्यामुळेच. जिभेला झोंबतो तो वेगळा, तो पायपरीन. आता गंमत नावाची. हे द्रव्य आधी सापडलं होतं ते सायपेरस रोटंडस या गवताच्या गाठींत, म्हणून ते रोटंडोन. आणि सायपेरस रोटंडस म्हणजे आपला नागरमोथा! दिवाळीच्या पहाटे डोळे चोळत जे उटणं लावून घेतो, त्यातला. शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून शिव्या घालतात, तोच. हे वाचल्यावर मी पुन्हा ग्लास हुंगला. अभ्यंगस्नान काही आठवलं नाही. मिरीच आली.

मिरी येते ती थंड हवेत, सावलीत, सावकाश पिकलेल्या फळात. उत्तर ऱ्होनमध्ये ग्रॅनाइटचे उभे चढ आहेत, वर मिस्त्राल वारा असा सुटतो की वेल खुंटाला बांधून ठेवावे लागतात. तिथल्या एका उताराचं नाव कोत-रोती, म्हणजे भाजलेला उतार. तिथे लाल सिरामध्ये व्हियोनिए हे पांढरं द्राक्ष थोडं मिसळायची मुभा आहे, आणि वाइनला फुलांचा वास येतो. खाली कॉर्नासमध्ये असले लाड नाहीत. निव्वळ सिरा, काळीकुट्ट आणि तरुणपणी चांगलीच तुरट.

याच वेलाच्या काड्या जेम्स बझ्बीने 1831 मध्ये युरोपात फिरून गोळा केल्या आणि ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. तिथे सिराची शिराझ झाली. बरोसा खोऱ्यात 1843 साली लावलेले वेल अजून फळ देतात, कारण युरोपच्या बागा फस्त करणारी फायलोक्सेरा कीड तिथवर पोचलीच नाही. बरोसाची शिराझ म्हणजे पिकल्या जांभळाचा मुरांबा आणि वर चॉकलेट. जाड, उबदार, मद्यार्क साडेचौदा टक्क्यांच्या घरात. मिरी जवळजवळ गायब. मला अर्ध्या ग्लासात पोट भरल्यासारखं होतं, पण बार्बेक्यूजवळ तिच्याइतकी कुणी शोभत नाही. हल्ली ऑस्ट्रेलियातही कुणाला ऱ्होनच्या वळणाची वाइन करायची असली की ते बाटलीवर मुद्दाम सिरा लिहितात. इराणातल्या शिराझ शहराहून हे द्राक्ष आलं, ही कथा मात्र डीएनए तपासणीने निकालात काढली. आईबाप दोघेही आग्नेय फ्रान्सचे: दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश.

नाशिकच्या बाटल्यांवर बहुधा शिराझच असतं. तिथला वेल मात्र युरोपच्या उलट्या घड्याळावर चालतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरल्यावर फळछाटणी आणि काढणी थंडी संपता संपता. दिवसा ऊन, रात्री गारवा. मी प्यायलेल्यांपैकी काहींत मिरीची चाहूल होती, काहींत नुसती वाइन मुरवायची लाकडी पिंपं बोलत होती. आणि लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली. मुंबईच्या मे महिन्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, कुणी हसलं तर हसू द्यावं.

राहिला नवरा. त्याच संशोधनात असंही दिसलं की पाचांतल्या साधारण एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही, कितीही घातलं तरी. मी मिसळणाचा डबा उघडून त्याच्या नाकाखाली मिरी धरली. "काय येतंय?"

"तिखट काहीतरी. लाकडासारखं."

वीस वर्षं माझ्या ऑम्लेटवर तो एवढी मिरी का भुरभुरवतो, ते त्या दिवशी कळलं.