काड, सूक्ष्मजीव आणि कर्ब : आमची वाटचाल

आमची माती परीक्षण प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा कामाचं स्वरूप साधं होतं. शेतकरी पिशवीतून माती आणायचे, आम्ही सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), नत्र, स्फुरद, पालाश काढून अहवाल हातात द्यायचो. सेंद्रिय कर्बासाठी वॉकली-ब्लॅक पद्धत, म्हणजे १९३४ पासून जगभर चालत आलेली. मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि कर्बाने न वापरलेलं डायक्रोमेट टायट्रेशन करून, म्हणजे थेंबाथेंबाने दुसरं द्रावण सोडून, मोजायचं. शेवटाकडे निळा-जांभळा रंग एकाच थेंबाला हिरवा होतो. तो थेंब नेमका पकडणारा माणूस प्रयोगशाळेत असणं फार मोलाचं, असं मी आजही मानतो.

एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला. "कापणीनंतर उरलेलं काड जाळायचं केव्हाच सोडलं, दरवर्षी मातीत गाडतोय, तरी तुमच्या अहवालात कर्बाचा आकडा हलत का नाही?" विचारणारी माणसं मनापासून मेहनत घेणारी होती. "धीर धरा" एवढंच सांगून त्यांना परत पाठवणं मला पटेना. आज आमचं जे काम आहे, ते या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता उभं राहिलं.

पहिलं उत्तर हिशोबातून मिळालं. वाळलेल्या काडात ४० ते ४५ टक्के कर्ब असतो. हेक्टरी ५ टन काड गाडलं की दोन टनांच्या आसपास कर्ब जमिनीत जातो. पण एका हेक्टरातला वरचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे २००० टन माती. सगळाच्या सगळा कर्ब टिकला असता तरी अहवालातला आकडा जेमतेम ०.१ टक्क्याने वर सरकला असता. एवढा फरक तर एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत सापडतो. शिवाय सगळा कर्ब टिकतच नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात डेव्हिड जेन्किन्सन यांनी किरणोत्सारी कर्बाची खूण असलेलं गवत मातीत मिसळून त्याचा माग काढला. वर्षाअखेरीस त्यातला साधारण एक तृतीयांश कर्ब मातीत होता, पाचेक वर्षांनी एक पंचमांश. बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला होता.

मग जो उरतो तो कशाच्या रूपात उरतो? इथे आमच्या कामाची दिशाच बदलली. काडातला न कुजणारा, लिग्निनसारखा चिवट भाग मागे राहतो आणि त्याचाच ह्यूमस, म्हणजे मातीतला टिकाऊ सेंद्रिय भाग, बनतो, असं आम्ही शिकलो होतो. गेल्या काही दशकांच्या संशोधनातून वेगळं चित्र पुढे आलं. जिवाणू आणि बुरशी काड खातात, त्यातून स्वतःचं शरीर बनवतात आणि मरतात. त्यांच्या पेशीभित्तिकांचे अवशेष चिकणमातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटतात, आणि तिथे दुसऱ्या सूक्ष्मजीवांना ते सहज खाता येत नाहीत. जिवंत सूक्ष्मजीवांमधला कर्ब मातीतल्या एकूण कर्बाच्या १ ते ४ टक्केच भरतो, पण त्यांच्या पिढ्या भराभर उलटतात आणि मृत देहांची रास वाढत जाते. ही रास मोजता येते, कारण ग्लुकोसामाइन आणि म्युरामिक आम्ल हे सूक्ष्मजीवांच्या पेशीभित्तिकांचे घटक वनस्पती स्वतः तयार करत नाहीत. त्यांच्या मोजणीवरून, शेतजमिनीच्या वरच्या थरातला निम्म्याच्या आसपास कर्ब या मृत सूक्ष्मजीवांचा असावा, असा अंदाज निघतो. हे कळलं तेव्हा आमच्याकडे पिशव्यांतून येणाऱ्या मातीकडे बघण्याची माझी नजर बदलली.

सूक्ष्मजीव खाल्लेल्या कर्बातला साधारण तिसरा हिस्सा अंगी लावतात, उरलेला श्वासावाटे सोडतात. हा तिसरा हिस्सा कमी-जास्त होतो, आणि शेतकऱ्याच्या हातात आहे ते नेमकं इथेच. गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्राचं प्रमाण ८० ला १ च्या घरात असतं. सूक्ष्मजीवांच्या शरीरात ते ८ ला १ च्या आसपास. नुसतं काड पुढ्यात आलं की शरीर बांधायला नत्र अपुरं पडतं, मग ते मातीतलं नत्र ओढतात आणि वरचं पीक पिवळं पडतं. कर्ब भरपूर आणि बाकीचं तोकडं, म्हणून जास्तीचा कर्ब हवेत जातो. ऑस्ट्रेलियातल्या क्लाइव्ह कर्कबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशोब मांडला. मातीत १ टन कर्ब स्थिर व्हायचा तर त्यासोबत सुमारे ८० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि १४ किलो गंधक अडकून पडतं. हे आकडे वाचल्यावर आम्ही अहवालाचा नमुनाच नव्याने आखला. गंधकाची चाचणी नेहमीच्या संचात घेतली आणि कर्बाच्या शेजारी अन्नद्रव्यांची जमाखर्चाची ओळ छापू लागलो.

याचा अर्थ काडावर मनमानी युरिया फेकायचा असा नाही. गरजेपेक्षा जास्त नत्र ओल्या जमिनीत नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता धरतो. आम्ही आधी कडधान्याचं पीक फेरपालटीत आहे का, शेणखत किती मिळतं, ते विचारतो. द्विदल पिकांचा पाला काडासोबत गेला तर कर्ब-नत्राचं प्रमाण आपोआप खाली येतं.

मधल्या काळात काड कुजवणाऱ्या कल्चरच्या, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या तयार मिश्रणाच्या, बाटल्या विकायला ठेवा, असा बराच आग्रह झाला. आम्ही नाही ठेवल्या. ढीग लावून कंपोस्ट करायचं असेल किंवा पुढची पेरणी तोंडावर आली असेल तर कल्चरचा उपयोग होऊ शकतो, तसं आम्ही सांगतोही. पण लवकर कुजणं आणि कर्ब साठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काड खाणारे जीव बहुतेक शेतात आधीपासून असतात. त्यांना ओल, हवा आणि पुरेसं नत्र, स्फुरद, गंधक मिळतं की नाही, यावर जास्त अवलंबून असतं.

आमच्याकडची सगळ्यात समाधान देणारी चाचणी चाळणीची आहे. माती सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर हलवत ठेवतो, म्हणजे तिचे रवे सुटे होतात. सकाळी ते पाणी ५३ मायक्रॉनच्या चाळणीवर ओततो. चाळणीवर वाळू आणि काडाचे काळपट बारीक तुकडे राहतात, मुळांचे धागेसुद्धा दिसतात. खाली उतरतं ते गढूळ तपकिरी पाणी, त्यात गाळाचे आणि चिकणमातीचे कण, आणि त्यांना चिकटलेला कर्ब. वरचा कर्ब काही वर्षांत खर्ची पडतो, खालचा दशकानुदशकं, कधी शतकंही टिकतो. दोन्ही भाग सुकवून त्यांतला कर्ब वेगवेगळा मोजतो. एकूण आकडा जागच्या जागी दिसणाऱ्या अनेक शेतांत वरचा भाग वाढायला लागलेला असतो. "आकडा का हलत नाही" असं विचारत आलेल्या माणसाला दोन्ही भांडी शेजारी ठेवून हे दाखवता येतं, आणि त्याच्या कष्टांचं काहीतरी होतंय हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. या कामातला हा क्षण मला फार प्रिय आहे.

हलक्या, वाळूमय जमिनीत मात्र चाळणीखालचा भाग कमीच भरतो, कारण कर्ब धरून ठेवणारे बारीक कणच थोडे असतात. ते आम्ही स्पष्ट सांगतो. अशा शेतात आच्छादन आणि जमिनीत जिवंत मुळं जास्तीत जास्त काळ ठेवण्यावर भर देतो. मुळांमधून आलेला कर्ब वरच्या काडातल्या कर्बापेक्षा जास्त टिकतो, हे वेगवेगळ्या प्रयोगांत दिसलं आहे.

अलीकडे कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे मातीत साठवलेल्या कर्बाच्या मोबदल्यासाठी, विचारणा वाढली आहे. त्या कामासाठी आम्ही ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत नमुने घेतो आणि धातूच्या कड्याने मातीची घनताही मोजतो, कारण घनतेशिवाय टक्क्यांवरून टनांचा हिशोब काढता येत नाही. पुढच्या वेळी तीच जागा, तोच हंगाम. एका वर्षाच्या फरकावर आम्ही कुणालाच आकडा देत नाही, कितीही घाई असली तरी.

नमुना पाठवताना शेतात कोणतं काड, किती आणि कधी गेलं, त्यासोबत खत काय दिलं, हे कागदावर लिहून पिशवीत ठेवा. नसेल आठवत, तर निदान गेल्या तीन हंगामांची पिकं लिहा.